नेटवर्कचं चित्र म्हणजे नुसता गुंतवळ दिसतोय? मग या क्रमाने सोडवा

नेटवर्कचा डेटा पहिल्यांदा सॉफ्टवेअरमध्ये टाकला की बहुतेकांच्या स्क्रीनवर एकच गोष्ट उमटते, मधोमध काळाकुट्ट गोळा, कडेला विखुरलेले चार-दोन ठिपके, आणि कशाचा कशाशी संबंध आहे ते काहीही कळत नाही. या गोळ्याला सगळे हेअरबॉल म्हणतात. मग नवीन माणूस काय करतो, तर लेआउटच्या, म्हणजे ठिपके कुठे मांडायचे ते ठरवणाऱ्या पद्धतींच्या, यादीतला एकेक लेआउट चालवून बघत बसतो, हा नाही तर तो, तो नाही तर तिसरा, कुठल्यातरी एकाने गोळा सुटेल या आशेवर. सुटत नाही. कारण गुंता लेआउटने केलेला नसतोच, जागेच्या मानाने लिंक्स (ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा) जास्त आहेत म्हणून तो झालेला असतो, आणि हे अगदी साध्या गणितातून दाखवता येतं.

एकही रेषा दुसरीला छेदणार नाही असं चित्र काढायचं असेल तर लिंक्सची संख्या जास्तीत जास्त नोड्सच्या (म्हणजे ठिपक्यांच्या) तिप्पट वजा ६ एवढीच असू शकते. म्हणजे १०० नोड्स असतील तर २९४ लिंक्स. त्याच्यावर एक जरी लिंक गेली तरी जगातला कुठलाही लेआउट छेद टाळू शकत नाही. आणि १०० नोड्समध्ये सगळे सगळ्यांशी जोडलेले असतील तर लिंक्स किती, ४९५०. गेफी हे नेटवर्क काढायचं सॉफ्टवेअर उघडलं की सुरुवातीच्या पानावर सरावासाठी एका फ्रेंच कादंबरीतल्या पात्रांचं नेटवर्क दिलेलं असतं, ७७ पात्रं आणि २५४ लिंक्स, तसं लहानसंच. पण ७७ ची तिप्पट वजा ६ म्हणजे २२५, म्हणजे या छोट्या नेटवर्कमध्येसुद्धा कमीत कमी २९ छेद होणारच, तुम्ही काहीही करा. छेदांचं एवढं का मनावर घ्यायचं तर हेलन पर्चेस यांनी १९९७ मध्ये लोकांना वेगवेगळे ग्राफ वाचायला देऊन तपासलं होतं, आणि वाचणाऱ्याला समजण्यावर सगळ्यात जास्त परिणाम रेषांच्या छेदांचाच होतो असं त्यात दिसलं.

म्हणून कामाचा क्रम आधी लिंक्स कमी करणे, मग लेआउट, आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. खाली उदाहरणं मुख्यतः गेफीची घेतलीयत कारण त्यात कोडिंग लागत नाही, पण सायटोस्केप, नेटवर्कएक्स, आयग्राफ काहीही वापरत असाल तरी क्रम हाच.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

हे वाचून कंटाळा येईल, पण ही पायरी सोडलीत तर पुढच्या एकाही पायरीत काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवता येणार नाही. "माझं नेटवर्क दाखवायचंय" हा प्रश्न नाही. "कोणते गट आहेत आणि त्या गटांना जोडणारी माणसं कोण" हा प्रश्न आहे. "अमुक नोडपासून दोन पावलांत कोण कोण येतं" हाही प्रश्न आहे. "मागच्या वर्षीपेक्षा या वर्षी काय बदललं" हा तिसरा, आणि या तिन्हींची चित्रं वेगळी होतात. गटांच्या चित्रात कमजोर लिंक्स काढून टाकल्या तर चालतं, पण गटांना जोडणारे दुवे शोधत असाल तर नेमक्या त्या एकट्या-दुकट्या कमजोर लिंक्सच जपायच्या असतात, म्हणजे जे एका प्रश्नासाठी कचरा तेच दुसऱ्यासाठी उत्तर. एका चित्रात तिन्ही प्रश्न कोंबायला गेलात की गुंता परत हजर. तीन प्रश्न असतील तर तीन चित्रं काढा, कोणी अडवत नाही.

पायरी २: चित्र काढायच्या आधी मोजा

नोड्स किती, लिंक्स किती, लिंक्सना वेट (नातं किती घट्ट किंवा कितीदा आलं त्याचा आकडा) आहे का, दिशा आहे का, नेटवर्क एकसंध आहे की सुट्या तुकड्यांचं, सगळ्यात जास्त लिंक्स असलेल्या नोडकडे किती आहेत. गेफीत नोड्स-लिंक्सची संख्या कॉन्टेक्स्ट पॅनलमध्ये आणि बाकीचं बरंचसं स्टॅटिस्टिक्स पॅनलमध्ये मिळतं. लिंक्सना नोड्सने भागा. उत्तर ३ च्या खाली असेल तर चित्र वाचता येईल अशी आशा धरा, १० च्या वर गेलं तर फिल्टरशिवाय पर्याय नाही असं समजून चाला (हा माझा अंदाजपंचे निकष आहे, नियम नाही).

पायरी ३: डेटामधला फुकटचा गुंता काढा

बराचसा गुंता खरा नसतोच. एकच नोड दोन स्पेलिंगने दोनदा आलेला असतो आणि त्याचे शेजारी दोन्हीकडे वाटले गेलेले असतात. नोड स्वतःलाच जोडलेला असतो. एकच लिंक वीस वेळा आलेली असते. इम्पोर्ट करताना गेफी विचारतं की एकसारख्या लिंक्सचं काय करायचं, तिथे बेरीज निवडा म्हणजे वीस रेषांऐवजी वेट २० असलेली एकच रेषा होते.

पण या पायरीतला खरा चोर वेगळाच असतो. तुमचा डेटा मुळात दोन प्रकारच्या गोष्टींचा असेल, म्हणजे लेखक आणि शोधनिबंध, किंवा माणसं आणि बैठका, आणि तुम्ही त्यातून "एकाच निबंधात नाव असेल तर दोघांना जोडा" असं करून लेखक-लेखक नेटवर्क बनवलं असेल, तर एका ५० लेखकांच्या निबंधातून एका फटक्यात १२२५ लिंक्स तयार होतात. एका निबंधातून! आणि दोनच लेखकांच्या निबंधातून फक्त एक, खरंतर ते दोघे एकमेकांना कितीतरी जास्त ओळखत असणार. गोळ्याच्या मध्ये जो घट्ट काळा भाग दिसतो तो खूपदा अशा दोन-तीन मोठ्या निबंधांमुळेच असतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक निबंधातून येणारं वेट लेखकांची संख्या वजा एकने भागायचं, म्हणजे ५० जणांच्या निबंधात प्रत्येक लिंकला १/४९ आणि दोघांच्या निबंधात पूर्ण १. मार्क न्यूमन यांनी २००१ मध्ये सहलेखकांच्या नेटवर्कसाठी ही पद्धत वापरली होती आणि आजही ती चांगली चालते. किंवा मग असं लेखक-लेखक रूपांतर (प्रोजेक्शन) करूच नका, निबंध आणि लेखक दोन्ही नोड म्हणून ठेवा, ५० जणांच्या निबंधाच्या फक्त ५० रेषा होतील.

पायरी ४: लिंक्स गाळा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, चित्र खरं घडतं ते इथेच.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो थ्रेशोल्ड, म्हणजे वेट ५ च्या खालच्या सगळ्या लिंक्स उडवा. गेफीत फिल्टर्समध्ये एज वेटचा (एज म्हणजे लिंकच) फिल्टर घ्या, खालच्या क्वेरीजमध्ये ओढा, पट्टी सरकवा, फिल्टरचं बटण दाबा. सोपं आहे आणि पहिला अंदाज घ्यायला बरंही आहे. पण अडचण अशी की नेटवर्कमध्ये काही नोड्स मुळातच मोठे असतात, त्यांची सगळीच वेट्स मोठी, आणि काही लहान असतात ज्यांच्यासाठी वेट ३ म्हणजे सगळ्यात जवळचं नातं. एकच थ्रेशोल्ड लावला की लहानांचे गटच्या गट गायब होतात आणि मोठ्यांचा गुंता जसाच्या तसा राहतो. म्हणजे जे दिसत नव्हतं ते काढलं आणि जे दिसू देत नव्हतं ते ठेवलं.

म्हणून वेट असलेल्या नेटवर्कसाठी मी डिस्पॅरिटी फिल्टरचा आग्रह धरतो. सेरानो, बोगुन्या आणि व्हेस्पिन्यानी यांनी २००९ मध्ये तो मांडला. कल्पना अशी की प्रत्येक लिंक त्या त्या नोडच्या मापाने तोलायची. त्या नोडच्या एकूण वेटपैकी या लिंकचा वाटा किती ते काढा, १ मधून तो वाटा वजा करा, आणि जे येईल त्याचा घात करा, घातांक म्हणजे त्या नोडच्या लिंक्सची संख्या वजा १. उत्तर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा, समजा ०.०५ पेक्षा, कमी आलं तर लिंक ठेवा. उदाहरण घेऊ. एका नोडला १० लिंक्स आहेत. त्यातल्या एकीकडे ४०% वेट आहे, तर ०.६ चा ९ वा घात, साधारण ०.०१, लिंक राहिली. दुसरीकडे १०% आहे, म्हणजे समसमान वाटणीत जेवढं आलं असतं तेवढंच, तर ०.९ चा ९ वा घात साधारण ०.३९, लिंक गेली. दोन टोकांपैकी एकाच्या हिशोबाने जरी पास झाली तरी ठेवायची. एक लक्षात असू द्या, ज्या नोडला एकच लिंक आहे त्याच्या बाजूने उत्तर नेहमी १ येतं, म्हणजे तो स्वतःच्या बळावर कधीच वाचत नाही, समोरच्या टोकाने वाचवलं तरच. असे टोकाचे नोड तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचे असतील तर त्यांना वेगळा नियम लावा. स्प्रेडशीटमध्येसुद्धा हे सगळं होतं, प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही.

वेटच नसेल तर? मग आधी जायंट कंपोनंटचा, म्हणजे सगळ्यात मोठा जोडलेला तुकडा तेवढा ठेवणारा, फिल्टर लावून सुटे तुकडे बाजूला करा. मग के-कोर बघा. के ३ ठेवला तर असे नोड्स उरतात ज्यांना उरलेल्यांपैकीच किमान तिघांशी लिंक आहे, कडेची झालर गळून पडते आणि गाभा दिसतो. गाभ्याबद्दलचा प्रश्न असेल तर उत्तम, पण झालरीबद्दलचा असेल तर हा फिल्टर अजिबात लावू नका.

हबचं काय करायचं हा प्रश्नही इथेच येतो. सगळ्यांशी जोडलेला एखादा नोड असतोच, म्हणजे ईमेलच्या नेटवर्कमध्ये सगळ्यांना सूचना पाठवणारा पत्ता वगैरे, आणि तो सगळ्यांना स्वतःकडे ओढून गटांची वाट लावतो. तो सगळ्यांशी जोडलेला आहे ही माहिती एका वाक्यात सांगता येते, तिच्यासाठी शेकडो रेषा काढायची गरज नाही. काढून टाका, लेआउट परत चालवा, गट आपोआप सुटे होतात. फक्त चित्राखाली तसं लिहा.

मॅक्सिमम स्पॅनिंग ट्री नावाचा आणखी एक मार्ग लोक सुचवतात, म्हणजे सगळे नोड जोडलेले राहतील एवढ्याच आणि शक्य तितक्या वजनदार लिंक्स ठेवायच्या, त्यात ७७ नोड्सच्या फक्त ७६ लिंक्स उरतात आणि एकही छेद राहत नाही. दिसायला फार सुंदर. पण त्यात एकही बंद वळसा उरत नाही, त्यामुळे कुठलंही नेटवर्क झाडासारखंच दिसतं, आणि त्यावरून गटांबद्दल काही बोलू नये. फार तर ट्री घ्या आणि त्यावर सगळ्यात वजनदार थोड्या लिंक्स परत टाका.

एक तांत्रिक सूचना: गेफीत फिल्टर चालू असताना स्टॅटिस्टिक्स चालवलं तर आकडे गाळलेल्या नेटवर्कचे येतात, आणि फिल्टर बदलला तरी मॉड्युलॅरिटीचा (नोड्सचे गट पाडणाऱ्या हिशोबाचा) जुना कॉलम तसाच राहतो. त्यामुळे रंग एका नेटवर्कचे आणि लिंक्स दुसऱ्याच्या असा घोळ होऊ शकतो. फिल्टर पक्का झाला की स्टॅटिस्टिक्स परत चालवा.

पायरी ५: आता लेआउट

बहुतेक लेआउट एकाच तत्त्वावर चालतात, जोडलेले नोड एकमेकांना ओढतात आणि सगळे नोड एकमेकांना ढकलतात. फ्रुक्टरमन-राइनगोल्ड हा १९९१ चा, नेटवर्कएक्समधलं स्प्रिंग लेआउट म्हणजे तोच. गेफीत फोर्सअ‍ॅटलास २ घ्या. आधी स्केलिंग वाढवत न्या म्हणजे सगळं पसरेल, सुटे तुकडे फार लांब पळत असतील तर ग्रॅव्हिटी थोडी वाढवा, गट दाखवायचे असतील तर लिनलॉग मोड चालू करा, त्याने गट आत घट्ट होतात आणि दोन गटांमधली मोकळी जागा वाढते. हालचाल थांबत आली की शेवटी प्रिव्हेंट ओव्हरलॅप लावा, सुरुवातीपासून लावलात तर नोड एकमेकांना अडवत बसतात आणि नीट जागा घेत नाहीत.

हे लेआउट सुरुवात मनमानी जागांपासून करतात, त्यामुळे दर वेळी चित्र वेगळं येतं. वरचा गट खाली जाईल, डावीकडचा उजवीकडे. म्हणून "हा नोड सगळ्यात वर आहे" याला काही अर्थ नसतो आणि दोन नोड जवळ दिसले म्हणजे त्यांच्यात लिंक असेलच असंही नाही. तीन-चार वेळा चालवून बघा, जे दर वेळी दिसतं त्यावरच विश्वास ठेवा. नेटवर्कएक्समध्ये सीड (मनमानी सुरुवात पक्की करणारा आकडा) ठरवून द्या म्हणजे उद्या तेच चित्र परत मिळेल.

तुमच्या डेटामध्ये स्वतःचाच क्रम असेल, वर्षं किंवा वरिष्ठ-कनिष्ठ असे स्तर, तर हे सगळं सोडून स्तरांचा लेआउट वापरा, तो जास्त सांगतो.

पायरी ६: तरीही दाट असेल तर गट एकत्र करा

काही हजार नोड असतील तर एकेक नोड दाखवायचा हट्ट सोडावा लागतो. मॉड्युलॅरिटी चालवून गट काढा, गेफी त्यासाठी लूव्हेन पद्धत वापरतं, २००८ ची. आयग्राफमध्ये २०१९ ची लायडन पद्धत आहे, ती घ्या, कारण लूव्हेनमध्ये कधीकधी आतून नीट न जोडलेला गटही एक गट म्हणून येतो आणि लायडनने तेच दुरुस्त केलंय. मग प्रत्येक गटाचा एक मोठा नोड करा, दोन गटांमधल्या सगळ्या लिंक्सची बेरीज म्हणजे एक जाड रेषा. दोन हजार नोड्सचं नेटवर्क पंधरा-वीस गोलांवर येतं आणि पहिल्यांदाच कोणीतरी ते वाचतं! शेजारी एका गटाचं आतलं चित्र वेगळं द्या.

रेझोल्यूशनच्या आकड्याकडे मात्र लक्ष द्या. गेफीत तो कमी केला की गट लहान आणि जास्त होतात, नेटवर्कएक्समध्ये बरोबर उलटं, वाढवला की लहान होतात. एकीकडचा आकडा दुसरीकडे तसाच टाकून डोकं धरून बसू नका.

पायरी ७: रेषा फिक्या करा

रेषा राखाडी, बारीक आणि पारदर्शक. १०% अपारदर्शकता ठेवली तर एकटी रेषा जेमतेम दिसते, पण दहा रेषा एकावर एक आल्या की तिथे साधारण ६५% गडद होतं, म्हणजे जिथे खरी वर्दळ आहे तेच आपोआप उठून दिसतं, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. जाडी वेटप्रमाणे ठेवायची तर तीन-चारच पातळ्या ठेवा. बाण शक्यतो नकोत, शेकडो बाणांची टोकं नोडभोवती जमून काळे डाग पडतात. दिशा हा प्रश्नाचा भाग असेल तरच ठेवा.

एज बंडलिंगबद्दल जरा जास्त सांगतो कारण ते बघून सगळे भुलतात. डॅनी होल्टन यांनी २००६ मध्ये ही पद्धत आणली, एकाच दिशेने जाणाऱ्या रेषा एकत्र बांधून त्यांची जुडी करायची. चित्र झटक्यात मोकळं होतं. पण जुडीत शिरलेली रेषा बाहेर कुठे पडली ते कळत नाही, आणि जे नोड जोडलेलेच नाहीत ते जोडल्यासारखे दिसू शकतात. इकडून तिकडे साधारण प्रवाह किती एवढंच दाखवायचं असेल तर वापरा. कोण कोणाशी जोडलंय हे वाचणाऱ्याला शोधायचं असेल तर वापरू नका.

पायरी ८: रंग, आकार, नावं

एका रंगाला एकच अर्थ. मोठ्या सहा-सात गटांना रंग द्या, बाकी सगळे राखाडी. ओकाबे-इतो नावाचा आठ रंगांचा संच रंगांधळेपण असलेल्यांनाही ओळखता येतो, तो वापरा.

नोडचा आकार क्षेत्रफळाने वाढवा, त्रिज्येने नाही. चौपट डिग्रीसाठी (डिग्री म्हणजे नोडच्या लिंक्सची संख्या) त्रिज्या चौपट केलीत तर गोल सोळापट मोठा दिसतो आणि शेजाऱ्यांना झाकतो. नेटवर्कएक्समधला नोड साइझ हा मुळातच क्षेत्रफळाचा आकडा आहे, तिथे डिग्री सरळ दिली तरी चालते.

लेबल्स सगळ्यांना देऊ नका. जे नोड तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात येतात त्यांनाच, दहा-पंधरा. गेफीत लेबल अ‍ॅडजस्ट चालवा, तो नावं एकमेकांवरून बाजूला करतो, पण त्यासाठी नोडही थोडे सरकवतो, म्हणून शेवटी चालवा. पान इंटरॅक्टिव्ह असेल तर बाकीची नावं माउस नेल्यावर दिसू द्या.

पायरी ९: नेटवर्क काढायलाच हवं का ते विचारा

दाट नेटवर्कसाठी मॅट्रिक्स अनेकदा बरं पडतं, म्हणजे ओळींत नोड, कॉलममध्ये तेच नोड, लिंक असेल तर चौकोन रंगवायचा. इथे छेद हा प्रकारच नाही. घोनिएम, फेकेट आणि कास्टाग्लिओला यांनी २००४ मध्ये दोन्हींची तुलना केली, त्यात नोड्स २० च्या वर गेले की बहुतेक कामांना मॅट्रिक्स सरस ठरलं, एका नोडपासून दुसऱ्यापर्यंतची वाट शोधण्यासाठी मात्र नेहमीचं चित्रच चांगलं. मॅट्रिक्समध्ये ओळींचा क्रम गटांनुसार लावा, नाहीतर नुसते विखुरलेले ठिपके दिसतील. आणि "सगळ्यात जास्त जोडलेले दहा नोड कोणते" एवढाच प्रश्न असेल तर सरळ बार चार्ट काढा.

काळानुसार बदल दाखवायचा असेल तर सगळी वर्षं एकावर एक घालू नका. सगळ्या वर्षांचं मिळून एकदा लेआउट करा, जागा पक्क्या करा, आणि मग प्रत्येक वर्षाचं छोटं चित्र त्याच जागांवर काढून शेजारी शेजारी ठेवा.

पायरी १०: तपासा आणि लिहा

ज्याने हा डेटा पाहिलेला नाही अशा कोणालातरी चित्र दाखवा, पायरी १ मधला प्रश्न विचारा, आणि गप्प बसा. तुम्हाला मध्येच समजावून सांगावं लागलं तर पायरी ४ वर परत जा, ८ वर नको. एक्सपोर्ट एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये करा म्हणजे झूम केलं तरी रेषा फाटत नाहीत, पण लिंक्स हजारोंनी असतील तर फाइल जड होते, तिथे मोठ्या मापाचं पीएनजीच बरं.

चित्राखाली काय काय काढलं ते लिहायचंच, हे सोडू नका, कारण गाळलेलं नेटवर्क पूर्ण समजून कोणी वाचलं तर "या दोघांचा काही संबंध नाही" असा चुकीचा निष्कर्ष तुमच्या नावावर निघतो. एवढं पुरतं: "डिस्पॅरिटी फिल्टर, मर्यादा ०.०५. सुटे नोड आणि सगळ्यांशी जोडलेला एक हब दाखवलेला नाही. जागा फोर्सअ‍ॅटलास २ ने ठरवलेल्या, त्यावरून अंतर मोजू नये. रंग म्हणजे गट, आकार म्हणजे डिग्री." आणि न गाळलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा, पुढचा प्रश्न आला की गाळणी परत तिथूनच सुरू करावी लागते.